त्या दिवसातलं सगळ्यात गोड काय आठवतंय?

प्रश्न कागलहून आलाय. विचारणारीला सातवा महिना संपत आलाय आणि पहिलंच बाळंतपण आहे. ती लिहिते: "घरात येणारी प्रत्येक बाई स्वतःच्या कळांच्या गोष्टी सांगते. कुणाला अठरा तास लागले, कुणाला टाके पडले, कुणाचं ऐनवेळी सिझर केलं. सासूबाई म्हणतात, बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरतं. डॉक्टर, खरं सांगा, बाळंतपणाची आनंदाची आठवण खरोखर कुणाची असते का, की समजूत काढायला बोलतात? आणि माझी आठवण चांगली व्हावी म्हणून मी काय करू?"

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीच बोलते. मी ३१ वर्षं कोल्हापुरात बाळंतपणं करतेय. सुरुवातीची वर्षं सरकारी वॉर्डात गेली, पुढं राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या दवाखान्यात. उत्तर आधीच देऊन टाकते: हो, असते. पुष्कळ जणींची असते आणि ती खरीखुरी असते. पण "सगळं विसरतं" हे मात्र खरं नाही. तुझ्या प्रश्नाची मेख तिथंच आहे.

दीड महिन्यानं बाळंतीण तपासणीला येते. टाके बघायचे, दूध पुरतंय का विचारायचं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत ना याची खात्री करायची, पुढच्या पाळण्याचं बोलायचं. गेली काही वर्षं मी शेवटी आणखी एक प्रश्न विचारते: "त्या दिवसातलं सगळ्यात गोड काय आठवतंय?" आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवते. नाव-गाव काही नाही, फक्त तिचं वाक्य. अशा चार वह्या भरल्यात.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, सगळ्या एकच सांगतील, बाळाचं पहिलं रडणं. तसं सांगणाऱ्या आहेतच. पण गडहिंग्लजकडची एक मुलगी होती, बावीस तास कळा घेतलेली. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "चहा." मला कळेना. मग तिनं सांगितलं. बाळ झालं, वार पडली, टाके घालून झाले. तिचे हात इतके थरथरत होते की कप धरवेना. आमच्या सिस्टरांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्या ओठाला लावली. "लहानपणी ताप आला की आई असाच पाजायची. तवा मला वाटलं, झालं बाई, आता मी सुटले." ती सिस्टर आता निवृत्त झाल्यात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना तो चहा आठवतही नव्हता. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती, तिच्यासाठी जन्माची.

वही चाळली की अशी वाक्यं ओळीनं लागतात. "बाळ छातीवर ठेवलं तेव्हा ते इतकं गरम आणि इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं." हे 'जड' कितीतरी जणी म्हणतात. तीन किलोचा जीव, पण नऊ महिने पोटात असलेलं वजन पहिल्यांदा अंगावर आलं की ते वेगळंच जाणवत असणार. "मावशींनी माझी सुटलेली वेणी घालून दिली." "मालक शिरगावच्या फौंड्रीतनं रात्रपाळी सोडून आले आणि नुसते हात धूतच बसले. काळं जात नव्हतं, म्हणून बाळाला हात लावेनात. मीच म्हटलं, लावा की वो." "आत्ती माझ्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं माणूस वाटल्या." एकीनं फक्त एवढंच सांगितलं होतं: "तुम्ही म्हणालात, तू केलंस."

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरातली एक आठवण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. शिरोळ तालुक्यातली बाई, नववा भरलेला, घरात पाणी शिरलं म्हणून होडीतनं बाहेर काढलेली. बाळंतविड्याची पिशवी घरातच राहिली. मुलगा झाला, पण गुंडाळायला घरचं एक दुपटंसुद्धा नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई उठली आणि आपल्या नातवासाठी हातानं शिवलेली कुंची तिनं या बाळाला घातली. ओळख ना पाळख. दीड महिन्यानं ही बाई तपासणीला आली तेव्हा घरात अजून चिखलाचा वास होता, भिंती ओल्या होत्या. आणि 'सगळ्यात गोड काय' विचारल्यावर ती म्हणाली, "ती कुंची. आम्ही परत करायला गेलो तर घेतली नाही त्यांनी."

आता सासूबाईंच्या वाक्याकडं येते. विसरतं का? पेनी सिमकिन नावाच्या अमेरिकेतल्या एक अनुभवी बाई होत्या. बाळंतपणात आधार देण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि शिकवलं. त्यांनी १९९१ साली एक अभ्यास मांडला. २० बायकांनी पहिल्या बाळंतपणानंतर लगेच स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगती त्यांच्याकडं होत्या. पंधरा-वीस वर्षांनी त्याच बायकांना त्यांनी पुन्हा सगळं विचारलं आणि दोन्ही हकिगती शेजारी ठेवून बघितल्या. आठवणी बहुतांशी जुळल्या. डॉक्टर काय म्हणाले, नर्स काय म्हणाली, हे तर अनेकींच्या नीट लक्षात होतं. ज्या समाधानी होत्या त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट परतपरत येत होती: मी काहीतरी मोठं केलं, आणि त्या वेळी मला कुणी बाजूला सारलं नाही.

दुखणं मात्र काही जणींचं खरंच फिकं होतं. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त बायकांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी, वर्षानं आणि पाच वर्षांनी विचारलं गेलं की कळा किती तीव्र होत्या. पाच वर्षांनी जवळपास निम्म्या बायकांनी आधीपेक्षा कमी सांगितलं, साधारण एक तृतीयांश बायकांनी तेवढंच सांगितलं आणि साधारण सहामधल्या एकीनं जास्त सांगितलं. ज्यांचा एकूण अनुभव चांगला होता त्यांचं दुखणं काळाबरोबर उतरत गेलं. ज्यांचा वाईट होता, त्यांच्या मनात ते होतं तिथंच राहिलं. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. बाळाचं तोंड बघून दुखणं विसरतं असं नाही. त्या दिवशी तुझ्याशी माणसं कशी वागली, त्यावर पुढं दुखण्याचं काय होतं ते ठरतं.

हे मला कागदावर वाचून कळलं नाही. आधी अनुभवानं कळलं, आणि तो अनुभव मला आजही बोचतो. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट, दवाखान्याचं नाव सांगत नाही. रात्रीची ड्युटी, सहा खाटा, आठ बायका, मी सलग दुसरी रात्र जागी. एक मुलगी मोठ्यानं ओरडत होती. मी तिला म्हटलं, "ओरडू नको, जगात तू एकटीच बाळंत होत नाहीस." बाळ सुखरूप झालं. मी ते वाक्य विसरून गेले. वीसेक वर्षांनी एक बाई आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडं आली, तिचं नाव घालायला. निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही मला ओळखलं नसणार. माझ्या लेकीला तेवढं 'तू एकटीच नाहीस' म्हणू नका." तिला माझा चेहरा, माझा आवाज, माझ्या ॲप्रनवरचा डाग, सगळं लक्षात होतं. मी तिची माफी मागितली. वही त्याच आठवड्यात सुरू झाली.

तेव्हापासून मी कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी एकच सांगते: लेबर रूममध्ये तोंडातनं निघालेला शब्द त्या बाईच्या घरी जातो आणि वीस वर्षं राहतो.

कॅनडातल्या एलन हॉडनेट यांनी २००२ साली या विषयावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून वाचले. बाळंतपणाचं समाधान कशावर ठरतं? चार गोष्टी वर आल्या: बाईची स्वतःची अपेक्षा काय होती, तिला आधार किती मिळाला, सांभाळणाऱ्यांशी तिचं नातं कसं होतं, आणि निर्णयात तिला विचारलं गेलं का. दुखणं, वय, शिक्षण, पैसा, खोली कशी होती, हे सगळं त्या चार गोष्टींच्या खाली. माझ्या वह्या वाचूनही मी हेच सांगितलं असतं. एसी खोलीचं नाव चार वह्यांमध्ये एकदाही नाही.

म्हणून 'मी काय करू' याचं पहिलं उत्तर हे: तुझ्याजवळ कोण थांबणार ते आत्ताच ठरव.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत उगाच पडलेली नाही. त्या रीतीचा गाभा आई जवळ असणं हा होता. पण माहेरी जाऊनही ऐन वेळी मुलगी एकटीच लेबर रूमच्या आत आणि आई बाहेर बाकावर, असं वर्षानुवर्षं चाललं. सतत जवळ माणूस असलं तर काय होतं, यावर १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांचे अभ्यास एकत्र केलेले आहेत. नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि अनुभव वाईट गेला म्हणणाऱ्या कमी. औषध असतं तर आम्ही सगळ्यांनी ते लिहून दिलं असतं. जागतिक आरोग्य संघटना आईच्या पसंतीचं माणूस जवळ ठेवा म्हणून सांगते. भारत सरकारनंही २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला परवानगी दिलेली आहे, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरातली बाई. जिथं पुरेसा आडोसा आहे तिथं नवऱ्यालाही थांबता येतं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तर बाळंतिणीला सन्मानानं वागवणं हे लेबर रूमच्या दर्जाच्या कसोटीतच धरलं आहे. तू जिथं नाव घातलं असशील तिथं पुढच्या तपासणीला सरळ विचार: "माझ्यासोबत कोण थांबू शकेल?"

माणूस निवडताना मात्र नात्याचा मान बघू नकोस. जी घाबरत नाही, जिला रडू आवरतं, जी सतत "अजून किती वेळ" विचारत नाही, ती घे. आई फार हळवी असेल तर मावशी घे, चुलती घे, दोन लेकरांची आई असलेली वहिनी घे. नवरा असला तर फार बरं, पण त्याला आधी नीट समजावून सांग की त्याचं काम बोलण्याचं नाही. कंबर दाबायची, घोट घोट पाणी द्यायचं, कपाळ पुसायचं, आणि कळ ओसरली की "गेली ही" एवढंच म्हणायचं. राधानगरीकडच्या एका जवानाला मी पाहिलंय. रजा घेऊन आला होता. साडेतीन तास त्यानं बायकोच्या कमरेवर हाताचा तळवा दाबून धरला होता, जागचा हलला नाही. वहीत तिनं लिहायला लावलं, "त्यांचा हात."

दुसरं उत्तर अपेक्षेचं. तुला अठरा तासांची गोष्ट सांगितली आणि तू घाबरलीस. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या कळांचा काळ लांबतोच. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा वेळ कुणाचा किती, याला ठरीव माप नाही. पूर्वी आम्ही 'तासाला एक सेंटिमीटर' असं घड्याळ लावून बसायचो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तो वेग प्रत्येक बाईला लावणं चूक आहे. त्यामुळं त्या बाईच्या अठरा तासांपैकी बरेच तास घरात फेऱ्या मारण्यात, पेज पिण्यात, मधेच डुलकी घेण्यात गेलेले असतील. गोष्ट सांगताना मात्र सगळी बेरीज होते. कळ म्हणजे सलग दुखणंही नव्हे. लाटेसारखी चढते, मिनिटभर राहते, ओसरते, आणि मधे खरोखर शांत वाटतं. ज्या बायकांना हे आधी माहीत असतं त्या त्या शांत वेळात विसावतात. ज्यांना माहीत नसतं त्या पुढच्या कळेच्या धास्तीत तो वेळही घालवतात. आणि दुखणं सहन होईना तर भूल मागायला संकोचू नकोस. कळा सोसल्या म्हणून आठवण गोड आणि पाठीतली भूल घेतली म्हणून फिकी, असं माझ्या वहीत कुठंही दिसत नाही.

आता तो पहिला तास. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चारही वह्यांतली निम्मी वाक्यं त्या तासातली आहेत.

बाळ बाहेर येतं त्या वेळी आईच्या अंगात ऑक्सिटोसिन भरून वाहत असतं. त्यानंच पिशवी आवळते, वार सुटते, रक्तस्राव आवरतो आणि दूध उतरतं. आईला बाळावरून नजर काढवत नाही, त्यातही याच संप्रेरकाचा हात असतो. बाळही त्या तासात टक्क जागं असतं, नंतर ते गाढ झोपतं. बाळ पुसून, कोरडं करून, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि दोघांवर मिळून एक दुपटं टाकायचं. त्याला तिच्या अंगाची ऊब मिळते, श्वास लयीत येतो. नाळ लगेच कापायची घाई नको, निदान एक मिनिट थांबावं, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढं त्याचं लोह चांगलं राहतं. आणि कुणी मधे लुडबुड केली नाही तर ते इवलंसं पोर पायांनी रेटा देत, डोकं हलवत, वासाच्या मागावर सरकत सरकत स्तनापर्यंत आपलं आपण पोचतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे नीट नोंदवून ठेवलं. मी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि अजूनही हातातलं काम थांबवून बघत उभी राहते. शाहूवाडीकडची एक आजी सोबतीला होती, ती ते बघून म्हणाली, "आगं बया, वासरू कसं कासंला जातंय, तसंच की!"

पण हा तास फार सहज हातातनं जातो. बाळ उचलून वजन करायला, आंघोळ घालायला, मग बाहेर पाहुण्यांना दाखवायला. आईपर्यंत ते गुंडाळलेलं गाठोडं होऊन शेवटी येतं. वजन तासाभरानं केलं तर काही बिघडत नाही. आंघोळ तर पहिले चोवीस तास नकोच, अंगावरचा पांढरा चिकट थर बाळाला जपतो. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा, मध चाटवायचा, हे अजून कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हण. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. म्हणून आठव्या महिन्यातच डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगून ठेव: "बाळ ठीक असेल तर पहिला तास माझ्याजवळ." मोबाईलवरचे फोटो नंतर.

सिझर झालं तर? तुझ्या पत्रात त्याची भीती दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांत एक सिझरनं झालेलं आहे, म्हणजे तुझ्यावर ती वेळ आली तर तू काही जगावेगळी नाहीस. गरज असताना केलेलं सिझर जीव वाचवतं. त्यातही आनंदाची आठवण असते, फक्त ती मुद्दाम जपावी लागते. कमरेखाली भूल दिलेली असते, आई जागी असते. बाळ ठीक असेल तर पडद्याच्या वरच्या बाजूनं तिच्या गालाला बाळाचा गाल लावता येतो, टेबलावरच छातीशी ठेवता येतं. एका शिक्षिकेचं अचानक सिझर करावं लागलं, बाळाचे ठोके उतरत होते. मी काय करतेय ते प्रत्येक वेळी तिला सांगत होते, कारण गप्प राहिलं की पडद्यापलीकडच्या माणसाला सगळ्यात वाईट तेच सुचतं. तिची ओळ अशी आहे: "तुम्ही म्हणालात, आता बाळाचं डोकं माझ्या हातात आहे, केस बघा किती. मी केस बघितले नव्हते, पण मला दिसले."

आपल्या जिल्ह्यापुरतं एक बोलायलाच हवं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं फक्त ८३९ मुली होत्या. त्यानंतर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याचा धाक वाढला, सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी 'सायलेंट ऑब्झर्व्हर'ची योजना याच जिल्ह्यात आधी झाली. पण आकड्यात न मोजता येणारं एक असतं. मुलगी झाली हे सांगितल्यावर बाहेरच्या बाकावर पसरणारी शांतता. ती शांतता दारातनं आत येते आणि आईला कळते. एका बाईनं वहीत लिहायला काहीच दिलं नाही, नुसती म्हणाली, "कुणी पेढे आणायला उठलं नाही." त्या दिवसापासून आमच्याकडं मुलगी झाली की बातमी सांगायला मी स्वतः बाहेर जाते, मोठ्यानं सांगते, आणि दवाखान्यातर्फे पेढे आधी आईच्या हातात जातात. तुझ्या घरी हे बोलणं आत्ताच कर. नवऱ्याला सांग, मुलगा असो मुलगी असो, तू आत येशील तेव्हा तोंडावर हसू घेऊन ये. ऐकायला लहान वाटेल, पण ते हसू बाळंतीण वीस वर्षं सांभाळते.

आता ज्यांना काहीच गोड आठवत नाही त्यांच्याविषयी. अशा पानांवर मी तारीख घालून जागा कोरी सोडते. बाळाला छातीवर ठेवलं आणि काहीच वाटलं नाही, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत. थकवा असतो, रक्त गेलेलं असतं, बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं. माया अशी बटण दाबल्यासारखी येत नाही. पुष्कळदा ती दोन-चार आठवड्यांत, एखाद्या मध्यरात्री दूध पाजताना हळूच येते, आणि ती तेवढीच खरी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच भरून येतं, रडू फुटतं, तेही आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं. पण दोन आठवड्यांपुढं उदासी राहिली, झोप उडाली, बाळाकडं बघवेनासं झालं, बाळंतपणाचे प्रसंग डोळ्यांपुढं येऊन छाती धडधडू लागली, किंवा स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं, तर 'बाळंतिणीचे चोचले' म्हणून ते कुणालाही उडवून लावू देऊ नकोस. हा आजार आहे आणि बरा होतो. डॉक्टरांकडं जायचं, आणि रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावायचा.

आणि काही आयांच्या हाती बाळच राहत नाही. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या जुन्या इमारतीकडं बघितलं की मला आनंदीबाई जोशींची आठवण येते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून उठून त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. त्यांची नेमणूक झाली होती आपल्याच गावात, तेव्हाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांच्या वॉर्डावर. पण क्षयानं त्या खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, कोल्हापूरचा तो वॉर्ड त्यांना सांभाळता आला नाही. ज्यांचं बाळ गेलं आहे त्यांना मी वहीतला प्रश्न आपणहून विचारत नाही. पण एकीनं स्वतःच सांगितलं होतं: "सिस्टरांनी मला त्याला मांडीवर घेऊ दिलं. टोपडं मीच घातलं." ते वाक्य मी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहून ठेवलंय, आमच्या सगळ्यांना दिसावं म्हणून.

तुझ्यासाठी कामाचं थोडक्यात सांगते. दवाखान्यात न्यायची पिशवी आठव्या महिन्यात भर, त्यात कागदपत्रं आणि तपासणीचं कार्ड वर ठेव, आणि एक जुनी मऊ साडी घाल, आईची असेल तर आईची. वास ओळखीचा असला की लेबर रूम परकी वाटत नाही. सरकारी दवाखान्यात नाव घातलं असेल तर बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी सगळं मोफत आहे, तो तुझा हक्क आहे. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर कळांची वाट न बघता तडक निघायचं. बाकी यादी फार लांबवू नकोस. ज्या मुली दहा कलमी आराखडा घेऊन येतात, त्यांना त्यातलं आठवं हुकलं की सगळंच हुकल्यासारखं वाटतं. दोनच गोष्टी धरून ठेव: जवळ कोण, आणि पहिला तास. तिसरी आम्हा डॉक्टरांवर सोड, पण हक्कानं माग: काही करायच्या आधी मला सांगा, मला विचारा.

आणि आज संध्याकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना एक विचार. "आत्ती, यांच्या वेळचं सगळ्यात गोड काय आठवतंय?" त्या आधी म्हणतील, काही आठवत नाही बाई, विसरले सगळं. थोडं थांब. पुन्हा विचार.

माझ्या आईला मी असंच विचारलं होतं, ती ७४ वर्षांची असताना. तीही तेच म्हणाली. मग हातातला लसूण सोलायचा थांबली. माझा जन्म भुदरगडातल्या आमच्या घरी, पावसाळ्यात, मधल्या खोलीत. म्हणाली, "लाईट गेलेली. सुईणीनं कंदील वर धरला, तुझा पाय उचलला आणि माझ्या गालाला लावला. गार होता पाय. म्हटलं, हिला पायमोजं विणायला पाहिजेत." आणि तिनं डावा हात उचलून गालावर ठेवला, नेमका कुठं ते मला दाखवायला.